उताराचे तीन आठवडे

१६ फेब्रुवारी

ही वही पुढून उघडली की पोरांच्या वेळा आहेत. कोण, किती मीटर, किती सेकंद. मागून उघडली की मी. आजपर्यंत मागून उघडायची वेळ आली नव्हती.

सकाळी प्राचार्यबाई तलावावर आल्या. चपला हातात घेऊन, ओल्या फरशीवरून जपत जपत माझ्या खोलीपर्यंत. खोली कसली, क्लोरीनच्या पिंपांतून उरलेली जागा. एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर जाळीचा झरोका. झरोक्यापलीकडे पोरांची कपडे बदलायची खोली. बाई फार गोड बोलतात. शिव्या देणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही, गोड बोलणारा आला की मी खुर्ची घट्ट धरतो.

"सर, परीक्षेला आठशे मुलं बसवायची कुठे? संचालक मंडळाचं म्हणणं, तलावावर फरशी टाकली की सभागृह तयार. छप्पर आहे, खिडक्या आहेत."

"आणि पाणी?"

"पाणी सोडून द्यायचं," बाई म्हणाल्या. जणू उरलेला चहा.

मग खरं काय ते बोलल्या. महिन्याभरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. संघ एकूण गुणांत पहिल्या तिनात आला तर त्या मंडळाशी भांडतील. चौथा आला तर भांडायला त्यांच्या हातात काही नाही. गेल्या वर्षी आम्ही सहावे होतो.

मी दार लावून घेतलं होतं. पोरांच्या कानावर हे जाता कामा नये. झरोक्यापलीकडे नेहमी बाजार भरलेला असतो, आज टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शहाणी पोरं. वेळेआधीच पाण्यात उतरली असणार.

१८ फेब्रुवारी

पहिल्या तिनात येऊ. कशाच्या जोरावर म्हणतो ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या पाय लटपटले तर वाचता येईल.

माझ्याकडे पदवी नाही, पदक नाही. याच तलावाची फरशी घासायला मी एकोणिसाव्या वर्षी लागलो. पोहायला शिकलो ते पंपघरातल्या तात्याकडून, तो मला बेडूक म्हणायचा. पोरांसमोर आता 'सर' म्हणतो, पण दोघंच असलो की अजून 'बेडका'च. पण देवाने मला कान दिले. डोळे मिटून काठावर बसलो तरी कोणत्या लेनमध्ये कोण आहे, कोणाचा कोणता हात दमला आहे, हे मला सांगता येतं. ताजा हात पाण्यात शिरताना 'सप्' वाजतो. दमलेला 'थप्'.

यंदा पहिल्यांदाच लावलेला माझा कार्यक्रम सोळा आठवड्यांचा आहे. तेरा आठवडे चढ आणि तीन आठवडे उतार. चढात पोरांना रोज इतकं पोहवायचं की वेळा बिघडल्या पाहिजेत, जेवताना हात तोंडापर्यंत जाईना झाला पाहिजे. मग उतार. रोज थोडं कमी, अजून कमी, शेवटी नुसतं अंग भिजवणं. तीन आठवड्यांत अंग दुरुस्त होतं आणि स्पर्धेच्या दिवशी दाबलेली स्प्रिंग सुटावी तसं सुटतं. पुस्तकवाले याला टेपर म्हणतात. मला ते एका तापाने शिकवलं. एक पोरगा हंगामभर राबला, ऐनवेळी आजारी पडून तीन आठवडे अंथरुणाला खिळला, उठून आला आणि जन्मात पोहला नव्हता असा पोहला. सगळे म्हणाले चमत्कार. मी म्हटलं, थांबा, यात काहीतरी आहे.

संघ चौदा जणांचा. पण गुण आणणारे चौघे. कप्तान वकीलबाई, कायद्याला आहे, 'नमस्कार' म्हटलं तरी पुरावा मागते. भोपळा, कारण तो बुडतच नाही. घड्याळ, तिचे हात काट्यासारखे एका चालीत पडतात. आणि मौनी, जो वर्षातून चार वाक्यं बोलतो. दोन मुलं, दोन मुली अशी शेवटची मिश्र रिलेही हेच चौघे पोहतात.

चढ शुक्रवारी संपतो. वेळा छान बिघडल्या आहेत.

२१ फेब्रुवारी

आजपासून उतार. सात किलोमीटरचे साडेतीन केले. पोरं आनंदाने ओरडतील असं वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही.

"निम्मं?" वकीलबाई म्हणाली. "सर, बाकीची कॉलेजं अजून सात करतायत. मी विचारलंय."

"करू दे. दमू दे त्यांना."

"आणि आपल्या वेळा?"

"सुटतील. आपोआप."

"आपोआप काय होतं सर, जगात?"

मला हसू आलं. गेली तीन वर्षं रोज सकाळी मीच त्यांच्या डोक्यावर हातोडा मारतोय की पाण्यात घाम दिसत नाही म्हणून तो कमी गाळायचा नाही, आणि खांद्यावरचं फरशीचं फडकं टाकून इथपर्यंत आलेला माणूस समोर उभा आहे तो बघा. पोरगी चांगली शिकली म्हणायची.

२६ फेब्रुवारी

पाच दिवस झाले. हात हलके व्हायला सुरुवात व्हायला हवी. डोळे मिटून बसलो. थप्. थप्. घड्याळसुद्धा थप्.

होतं, एखादा आठवडा उशीर होतो.

२८ फेब्रुवारी

शंभर मीटरच्या वेळा घेतल्या. चौघांच्याही आठवड्यापूर्वीपेक्षा वाईट. भोपळा तर काठाला हात लावून जांभई देत होता.

"झोपत नाहीस का रे?"

"झोपतो की सर. लवकर."

"मग जांभया?"

"लवकर उठतो," म्हणाला आणि वकीलबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाण्याखालीच गेला. दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. रिलेच्या तोंडावर हे नको.

अजून कमी करतो. साडेतीनचे दोन किलोमीटर.

२ मार्च

कमी केलं, वेळा आणखी वाढल्या. गणिताला हे धरून नाही. विहीर उपसणं थांबवलं तर पाणी वर यायला हवं. माझी विहीर खालीच चालली आहे.

घरी जेवताना हिला सांगितलं. ही इस्पितळात वॉर्डची सिस्टर आहे, अठरा वर्षं लोकांना पडून राहा म्हणून सांगते.

"विश्रांती लिहून दिलेला पेशंट काय करतो माहितेय?" ही म्हणाली. "डॉक्टरांची पाठ वळली की उठून फरशी पुसतो. आणि मग टाके उसवले म्हणून आम्हाला बोल लावतो."

"अगं, माझे पेशंट धडधाकट आहेत."

"तेच पुसतात," म्हणाली आणि आमटी वाढली. हिला प्रत्येक गोष्टीत वॉर्डच दिसतो.

४ मार्च

तलावात काहीतरी घोटाळा आहे. तीन गोष्टी.

एक, सकाळी साडेसहाला दार उघडतो तेव्हा लेनच्या दोऱ्या ओल्या. पाण्यात असतात त्या ओल्या असणारच. पण काठावर गुंडाळलेली जादाची दोरीसुद्धा ओली. दोन, पाणी रोज बोटभर खाली. तीन, क्लोरीन. उतारात पोरं निम्म्याने कमी पोहतात, तर पावडर कमी लागायला हवी. लागतेय जास्त.

म्हणजे माझ्याआधी पहाटे कोणीतरी पोहून जातं. कोणी एकटादुकटा नाही, बरीच माणसं, आणि जोरात. मंडळातल्या बड्यांचे पाहुणे असणार. किल्ली दोघांकडेच, मी आणि तात्या.

पंपघरात गेलो. तात्या व्हॉल्व्हला तेल देत होता.

"तात्या, पहाटे कोण येतं?"

त्याने तेल देणं थांबवलं नाही. "येतं कोण कोण."

"बाहेरचे?"

"बाहेरचेच म्हण."

"लाज नाही वाटली? पोरांचा शेवटचा महिना आहे, ती घाण पाण्यात पोहतायत, म्हणून वेळा बिघडल्या असतील. किल्ली दे."

तात्याने किल्ली दोऱ्यासकट गळ्यातून काढली. अठ्ठावीस वर्षं ती त्याच्या गळ्यात होती, छातीवर किल्लीच्या आकाराचा पांढरा डाग आहे. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बेडका, तू स्वतः कधी थांबला होतास का रे?"

चोर तो चोर आणि वर तत्त्वज्ञान.

५ मार्च

तात्या समोरून गेला, 'सर' म्हणाला. दोघंच होतो तरी 'सर'.

७ मार्च

वेळा तशाच. आठवड्याने स्पर्धा. दोन किलोमीटरचं एक केलं. आता कमी करायला काही उरलेलं नाही, याच्या खाली फक्त आंघोळ आहे.

रात्रभर नाही, पण पहाटे जागा होतो आणि विचार करतो की मी उंटावरचा शहाणा तर नाही ना. एका पोराला ताप आला आणि मी त्यावर सोळा आठवड्यांचा इमला उभा केला. शिकलेले प्रशिक्षक शेवटपर्यंत राबवतात, त्यांना कळत नसेल? मी शेवटी फरशी घासणारा. तलाव जाईल तर माझ्या अडाणीपणाने जाईल.

वकीलबाईला खोलीत बोलावलं. "खरं सांग, अंग कसं वाटतं?"

"हलकं," ती म्हणाली. डोळ्यांभोवती गॉगलचे वळ होते. सरावाला अजून अर्धा तास होता.

८ मार्च

आज रविवार, सुट्टी. पहाटे पाचला बाहेरच्यांना रंगेहाथ पकडायला निघालो. तात्याची किल्ली माझ्याकडे असूनही काल क्लोरीन कमी झालं होतं.

पुढच्या दाराला कुलूप. मागच्या भिंतीला गेलो, तिथे वरच्या झडपांमधून आतला आवाज येतो. पाणी वाजत होतं. डोळे मिटले.

पहिल्या लेनमध्ये कोणी जड माणूस, पण पाण्यावर तरंगणारा. दुसरीत एका चालीत पडणारे हात, काट्यासारखे. तिसरीत टर्न घेताना पाय भिंतीवर दोनदा मारणारा. अशी खोड मी एकाच पोराची मोडू शकलो नाही, मौनीची. आणि काठावरून एक आवाज ओरडत होता, माझ्या सुरात, माझे शब्द:

"घाम दिसत नाही म्हणून कमी गाळायचा नाही! चला, आणखी दहा! भोपळ्या, अंथरुणात पोहतोयस का?"

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. भिंतीपलीकडे माझा कार्यक्रम थप् थप् करत मोडत होता आणि मी तो मोजत होतो. सवयीने.

मग किल्लीने दार उघडलं. चौघं तिथल्या तिथे थांबली. कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून आली होती. त्यातून भोपळा आत कसा शिरला हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. आधी तीन किलोमीटर, आता पाच," वकीलबाई म्हणाली. "उतार लागला तेव्हापासून."

"का?"

"वेळा सुटत नव्हत्या सर."

"तुम्ही पोहत होतात म्हणून सुटत नव्हत्या!"

"हे आम्हाला कसं कळणार? वेळा वाढल्या, तुम्ही आणखी कमी केलं. मग आम्ही आणखी वाढवलं. तुम्ही पुन्हा कमी केलं. आम्हाला वाटलं..." ती गळ्यातल्या स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळायला लागली.

घड्याळ हळूच म्हणाली, "वाटलं की तुम्ही हात टेकले. बोलायला नको म्हणून कमी करताय."

"तलाव गेल्यावर तुम्ही कुठे जाणार सर?" भोपळ्याने विचारलं.

"तलाव जातोय हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

चौघांनीही एकदम वर बघितलं. माझ्या खोलीच्या बाजूला. झरोक्याकडे.

एवढी वर्षं मी त्या जाळीतून त्यांचं सगळं ऐकत आलो. आवाजाला दोन्ही दिशा सारख्याच, हे माझ्यासारख्या कानाच्या माणसाला सुचू नये!

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ज्या वाक्यांनी ओरडायचं ती सगळी आत्ताच वकीलबाईने ओरडून संपवली होती.

तिला म्हटलं, "माझं जादा स्टॉपवॉच दे इकडे." दिलं. "आता आठवडाभर कोणी पाण्याला बोट लावायचं नाही."

"पुरेल?"

"पुरेल," मी म्हणालो.

नाही पुरणार. निदान दोन आठवडे लागतात. सहा दिवस आहेत.

९ मार्च

तात्याकडे गेलो, किल्ली टेबलावर ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"पोरं पाया पडली. म्हणाली, सरांसाठी आहे." तात्याने किल्ली गळ्यात घातली. "मला काय ठाऊक तुझा उतार-फितार. काम करतायत, करू दे म्हटलं. तुला पहाटे पाण्यात सोडायचो तेव्हा मी कोणाला विचारलं होतं, बेडका?"

पोरांना पदकांची हाव सुटली होती आणि नाव माझं. असू दे. 'बेडका' म्हणाला, तेवढंही खूप.

११ मार्च

चौघांना माझ्या खोलीत बसवून पत्ते खेळायला लावले. पत्ते खेळणारी इतकी दुःखी माणसं मी पाहिली नाहीत. भोपळा म्हणाला, "सर, याच्यापेक्षा दहा किलोमीटर द्या." मौनी या वर्षातलं दुसरं वाक्य बोलला: "माझा हुकूम."

वकीलबाई सारखी विचारते, किती दिवसांनी किती टक्के फरक पडतो. मी आकडे फेकतो. आजवर त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो, आता वीट रचावी तसं बोलतोय, एकावर एक.

१४ मार्च

स्पर्धेचा पहिला दिवस. भोपळा बॅकस्ट्रोकमध्ये सातवा. घड्याळ दीड हजार मीटरमध्ये पाचवी, हजारापर्यंत पहिली होती, मग काटे लोंबले. मौनी अंतिम फेरीत नाही. वकीलबाई चौथी.

पलीकडचे प्रशिक्षक येऊन म्हणाले, "शेवटी फार विश्रांती दिलीत म्हणे. चालायचंच, अनुभव." पाठीवर थापही मारली. मी हसलो. पोरं ऐकत होती, खरं सांगायची सोय नव्हती.

१५ मार्च

आज बरं पोहली. कालच्यापेक्षा प्रत्येक जण बरा. सकाळपेक्षा दुपारी बरा. स्प्रिंग सुटायला लागली आहे, मला ऐकू येत होतं. पण इथे दिवस संपत आला होता.

शेवटची मिश्र रिले, चार गुणिले शंभर. हिशेब साधा होता, पहिले आलो तर एकूण गुणांत तिसरे. पहिल्या संघाची वेळ ३:४९.०. आमची ३:५२.६. आम्ही रिलेत तिसरे, एकूण चौथे. चार गुणांनी.

गाडीने परत आलो. उतरताना वकीलबाई म्हणाली, "सर, आम्ही रोज पहाटे पोहलो नसतो तर?"

"काही फरक नसता पडला," मी म्हणालो. "ते संघच भारी होते."

"नक्की?"

"नक्की."

१७ मार्च

प्राचार्यबाई म्हणाल्या, "मी भांडले सर. एका मताने गेलं." खोटं बोलत नव्हत्या, डोळे सुजले होते. पंचवीस तारखेपासून पाणी सोडणार. मला ग्रंथालयात जागा देतायत. शांतता राखायचं काम. कान तयार आहेत, म्हणाल्या.

२२ मार्च

चौघं सकाळी आली. "शेवटचं एकदा रिले पोहू का सर? नुसतीच. आठवण म्हणून." स्पर्धेनंतर त्यांना मी पाण्यात फारसं उतरवलंच नव्हतं, अंग भिजवून काढलं, बस. हरल्यावरही उतार चालू का ठेवला विचाराल तर कारण नाही. अर्धवट सोडवेना.

मी काठावर बसलो. मौनी पहिला. शिट्टी दिली, स्टॉपवॉच दाबलं, डोळे मिटले.

सप्.

मला वाटलं कान वाजतायत. सप्, सप्, सप्, कापड फाडावं तसं. मग घड्याळ उतरली, तिचं तर पाणी वाजतच नव्हतं, नुसतं उघडून बाजूला होत होतं. भोपळा. मग वकीलबाई. पंचवीस वर्षं या तलावावर आहे, हा आवाज मी एकदाच ऐकला होता, त्या तापातून उठलेल्या पोराचा. आज चौघांचा, लागोपाठ.

तिने भिंतीला हात लावला. बटण दाबलं. डोळे उघडले.

३:४६.२.

जिंकलेल्या संघापेक्षा जवळजवळ तीन सेकंद कमी. आमच्या कॉलेजच्या इतिहासात असं कोणी पोहलेलं नाही. कार्यक्रम खरा होता. फरशी घासणाऱ्याचं गणित बरोबर होतं, अगदी दिवसाला दिवस. पोरं आठ तारखेला थांबली, तिथून बरोबर दोन आठवडे.

मला ते ओरडून सांगायचं होतं. त्या पाठीवर थाप मारणाऱ्याला, मंडळाला, बाईंना. निदान या चौघांना. आणि मग चौघांचे चेहरे दिसले. पाण्याबाहेर नुसती डोकी, वर बघणारी.

"किती सर?" भोपळ्याने विचारलं.

बटण दाबून आकडे शून्यावर आणले. "तीन बावन्न. तेवढीच."

"तेवढीच?" तो हिरमुसला. "पण हलकं वाटलं हो!"

"हलकं वाटतं रे. शेवटचं पोहताना वाटतंच."

"म्हणजे उतार काही लागू पडत नाही."

"नाही," मी म्हणालो. "माझंच गणित चुकलं."

वहीच्या पुढच्या बाजूला ३:५२ लिहिलं. ती बाजू पोरं बघतात. खरी वेळ इथे आहे.

मला धास्ती होती ती वकीलबाईची. आता म्हणेल, घड्याळ दाखवा. शून्यावर का आणलं. शतांश किती. ती काठावर चढली, टोपी काढली, माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बराच वेळ.

"बरोबर आहे सर," म्हणाली. "तीन बावन्नच वाटलं मला पण." आणि बाकीच्यांना घेऊन गेली.

तीन वर्षांत पहिल्यांदा तिने पुरावा मागितला नाही. दमली असावी. शंभर मीटरने ती दमत नाही, हे मला माहीत आहे. पण दुसरं काय असणार?